मर्व्हिनसाठी रीळ

व्हिनेगर फॉल्स, विस्कॉन्सिन
११ जून २०१२

व्हर्लिन,

अक्षर ओळखलं असशीलच. घाबरू नकोस, आपली लेक कॉरीन ओरेगनमध्ये मजेत आहे, रविवारीच बोलले तिच्याशी. मला काम आहे म्हणून लिहितेय. फोन केला असता, पण मी इकडून ओरडणार आणि तू तिकडून "काय? काय?" करणार. ते आपण लग्नाची अकरा वर्षं केलं, आणि तेव्हा तर तुझे कान चांगले होते.

तर काम असं. एका वर्षात माझी गळाच्या काठीवरची तीन रिळं गेली. एकवीस वर्षं मी या तळ्यावर लोकांना मस्कीसारख्या दांडग्या माशाच्या मागे फिरवतेय, चार वर्षांत एक रीळ जायचं, तेही कुणी पाण्यात पाडलं म्हणून. आता आमिषंच वाढलीत. पूर्वी मी जे मोठं म्हणायचे ते आता पोरं नाश्त्याला वापरतात. रबराची ती धुडं, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, पौंडभर वजनाची. शरद आला की मस्की दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. ती धुडं दिवसभर फेकायची, ओढायची, पुन्हा फेकायची. रीळ किती दिवस टिकणार?

गेल्या नोव्हेंबरात ऑगी डेमको होता होडीत. इलिनॉयचा, गवंडीकाम करायचा, एकोणीस वर्षं येतोय माझ्याकडे. त्याच्या गळाला लागली, मोठी होती, आणि माझं रीळ आतून कुरकुरलं आणि हँडल नुसतं फिरत राहिलं. दोरी सैल पडली, मस्की गेली. ऑगीनं सैल दोरी हातानं गुंडाळून घेतली. या वर्षी तो एक्याऐंशीचा आहे. १ नोव्हेंबरपासून तीन दिवस येतोय आणि हे शेवटचं म्हणतोय.

गावातल्या दुकानातला मुलगा म्हणतो सगळ्यात महागडं घ्या. त्यानं आयुष्यात मस्की पाहिली असेल तर ती भिंतीवर टांगलेली. तू चाळीस वर्षं रिळं उघडून दुरुस्त करतोयस. सांग, कुठलं घेऊ, जे टिकेल?

आर्डिस

•

नॉर्डेन, मिनेसोटा
१६ जून

आर्डिस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

कुठलं घेऊ हा प्रश्न शेवटचा. आधी गेलेली तीनही रिळं पाठव. उघडू नकोस, धुऊ नकोस, तेल घालू नकोस. मेलेलं रीळ खरं बोलतं, मालक बोलत नाही.

दुसरं, मला खालच्या गोष्टी कळव. जास्तीत जास्त वजन किती फेकतेस? दिवसात किती फेकी? पाणगवतात अडकलं की काय करतेस, काठी वाकवून रिळानंच ओढतेस का? (ओढत असशील तर आत्ताच सांग, मी इथं बसून दोन शिव्या देऊन घेतो.) आणि तुझ्याशिवाय कोण वापरतं?

ऑगी डेमको मला आठवतो, एकदा दुकानात रीळ घेऊन आला होता. त्याचे हात माझ्या दुप्पट होते. तुझ्याकडे टिकला म्हणजे स्वभावानं गरीब असणार.

व्हर्लिन

•

व्हिनेगर फॉल्स
२४ जून

व्हर्लिन,

खोकं वेगळं पाठवलंय. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलीय.

वजन: उन्हाळ्यात अर्धा पौंड, शरदात पौंड. फेकी: मोजत नाही, पण सात तासांत चारशे धर. पाणगवतात अडकलं तर काठी सरळ धरून दोरी हाताला गुंडाळते आणि मागे सरकते. तूच शिकवलंस, विसरलास? शिव्या परत घे.

माझ्याशिवाय गिऱ्हाईकं वापरतात. त्यातली निम्मी अशी, की काठी हातात दिली तर विचारतात वरची बाजू कुठली. त्यामुळे आत जे काही सापडेल ते त्यांचं.

या आठवड्यात दोन लागल्या, दोन्ही लहान. पाणी लवकर तापलंय.

आर्डिस

•

नॉर्डेन
९ जुलै

आर्डिस,

तिघांचीही चिरफाड झाली. टेबलावर पांढरं फडकं अंथरून एकेक सुटं केलं.

पहिलं, ते छोटं काळं. हे घ्यायलाच नको होतं. लहान माशांचं रीळ आहे. पौंडाचं आमिष ओढलं की याचा सांगाडा पीळ खातो, आतलं मोठं गिअर आणि लहान गिअर एकमेकांना नीट भेटत नाहीत, आणि दाते घासत घासत सपाट होतात. दाते बोटाला पिठासारखे लागले.

दुसरं, चंदेरी. माप बरोबर आहे, गिअरही चांगले पितळी. याच्यावरच ऑगीची मस्की गेली ना? हँडल उलटं फिरू नये म्हणून आत एक बेअरिंग असतं. सगळा भार त्या एकट्यावर. जोरानं झटका दिला की ते एक दिवस सुटतं आणि हँडल मोकळं फिरतं. ज्यात त्याच्या मदतीला जुन्या पद्धतीची दात्यांची खीळ असते असंच रीळ मस्कीसाठी घ्यावं. यात ती नव्हती. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण बाहेरून दिसत नाही.

तिसरं, गोल, मोठं. हे मेलेलंच नाही. वाळूनं भरलं होतं आणि तेलाचा थेंब नव्हता. धुऊन, तेल घालून ठेवलंय. अजून पंधरा वर्षं चालेल. तुला लाज वाटायला हवी.

आता माझा प्रश्न. तिन्ही रिळांचा फेकीचा ब्रेक पूर्ण आवळलेला आहे. शेवटपर्यंत. तिसऱ्याचा तर इतका, की मला पकड लावावी लागली. असं कोण करतं? ज्याला आमिष हवेत असताना दोरीच्या फिरकीवर अंगठा टेकवून तिचा वेग आवरता येत नाही तो. शिकाऊ. तू तो ब्रेक कधी वापरला नाहीस, मला माहीत आहे. गिऱ्हाईकं तर बदलत असतात, आणि हे तिन्ही एकाच हातानं आवळलेत.

तेव्हा विचारतो, तुझ्या होडीत कोण आहे? असेल तर चांगलंच आहे. मला फक्त रीळ कुणासाठी निवडायचं ते कळलं पाहिजे.

व्हर्लिन

•

व्हिनेगर फॉल्स
१५ जुलै

व्हर्लिन,

हो, आहे एक जण. मर्व्हिन नाव. हाताखाली घेतलाय. फेकायला शिकतोय. जास्त चौकशा करू नकोस.

त्याच्यासाठी रीळ सांग.

आर्डिस

•

नॉर्डेन
१९ जुलै

आर्डिस,

मर्व्हिन. बरं.

मी चौकशा करत नाही. फक्त एवढंच, की जो माणूस ब्रेक तसा आवळतो त्याला पौंडाचं आमिष देऊ नकोस. फिरकी गुंतली की दोरी तटकन तुटते आणि ते आमिष तीन गळांसकट कुठं जाईल ते देवालाच ठाऊक. अर्धा पौंडच दे त्याला, आणि त्याच्या मागे उभी राहू नकोस. मूर्ख दिसतो मला.

माझ्यापुढे दोन रिळं आहेत. एक गोल, उंच, आत सगळं पितळ. ते कुणालाही पुरून उरतं, पण मुठीत मावत नाही, संध्याकाळी मनगट भरून येतं. दुसरं बसकं, जपानी बनावटीचं, एकाच धातूच्या ठोकळ्यातून कोरलेलं, त्यात ती खीळसुद्धा आहे. ते तळहातात बसतं, पण हात त्या मापाचा हवा.

म्हणून मर्व्हिनचा हात कागदावर ठेव, पेन्सिल फिरव, आणि कागद पाठव. दोन्ही हात. अंगठा मोकळा सोडायला सांग.

तो राहतो कुठं, हे मी विचारलेलं नाही.

व्हर्लिन

•

व्हिनेगर फॉल्स
२७ जुलै

व्हर्लिन,

कागद जोडलेत. हात लहान आहे, हसू नकोस, माणूस लहानखुरा आहे. मूर्ख मात्र नाही.

पर्च मासे तळून खातेय, बाजूला बटाटे. लवकर कळव.

आर्डिस

•

नॉर्डेन
२ ऑगस्ट

आर्डिस,

मर्व्हिनला माझा नमस्कार सांग. आणि त्याला विचार, त्याची डाव्या हाताची करंगळी १९८४ सालच्या जानेवारीत, उणे वीस अंशात, एका निळ्या ट्रकच्या दारात सापडली होती का? त्या रात्री त्याला दवाखान्यात मी नेलं होतं का? वाटेत त्यानं मला दार असं कोण लावतं म्हणून ज्या शिव्या दिल्या त्या मी अजून वापरतो.

अकरा नाताळांना मी त्या हाताचे हातमोजे घेतलेत, आर्डिस. कागद उलगडला आणि मी खुर्चीत बसलो. आधी हसलो.

मग उजवा हात पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी रेघ सरळ जात नाही. तिथं एक कोपरा आलाय, पायरीसारखा. माझ्या आईचा हात असाच झाला होता. शेवटी तिला दुधाच्या बाटलीचं झाकण फिरवता येत नसे, आणि ती सांगायची की झाकणं हल्ली वाईट करतात.

कधीपासून आहे? डॉक्टरला दाखवलंस का? आणि तू त्या हातानं पौंडाचं फेकतेस?

त्याला मूर्ख म्हणालो ते मागे घेतो. नाही, घेत नाही.

व्हर्लिन

•

नॉर्डेन
१७ ऑगस्ट

आर्डिस,

पंधरा दिवस उत्तर नाही. रागावली असशील तर रागावल्याचं लिही, मला सवय आहे. गोल रीळ तयार आहे, बसकंही मागवून ठेवलंय. दोन्ही उघडून पाहिली, नवं असलं तरी मी पाहतो. कारखान्यात ग्रीस कंजुषीनं लावतात.

व्हर्लिन

•

व्हिनेगर फॉल्स
२६ ऑगस्ट

व्हर्लिन,

रागावले नव्हते. घाबरले होते, आणि ते लिहिता येत नव्हतं.

दोन वर्षं झाली. आधी सकाळी दुखायचं, मग दिवसभर. आता अंगठा फिरकीवर टेकवला तर कळ थेट कोपरापर्यंत जाते, म्हणून मी टेकवत नाही, ब्रेक आवळते आणि देवावर सोडते. हाताच्या डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्येच सांगितलं की मुळाशी एक छोटं हाड झिजलंय, ते काढून टाकावं लागेल. काढलं की दीड महिना प्लॅस्टर आणि हात पूर्ववत व्हायला सहा महिने. मी म्हटलं, मोसम संपल्यावर बघू. त्या म्हणाल्या, मोसम दरवर्षी असतो. तुझ्यासारख्याच आहेत.

कुणाला सांगितलं नाही. या तळ्यावर सात गाइड आहेत आणि सगळे सकाळी एकाच हॉटेलात अंडी खातात. आर्डिसचा हात गेला असं एकानं ऐकलं की दुपारपर्यंत माझी गिऱ्हाईकं वाटून घेतली जातील. मी पण तेच केलं असतं.

पण आता ऐक. १४ जुलैला, म्हणजे तुझं ते चिरफाडीचं पत्र आलं त्याच दिवशी, होडीत एक नवराबायको होते. मिल्वॉकीचे, लग्नाला आठ महिने झालेले. मी रबराचं धूड फेकलं, ब्रेक आवळलेला असूनही फिरकी गुंतली, तटकन आवाज आला. ते त्या बाईच्या कानाजवळून गेलं आणि होडीची पुढची काच फोडून अडकलं. तिच्या टोपीला एक गळ लागला होता, टोपी काचेवर लटकत होती. ती हसायला लागली. तिला वाटलं असं होतच असतं. नवऱ्यानं विचारलं, "हे नेहमी होतं का हो?" आणि मी म्हटलं, "दोरी जुनी होती." नवी होती, व्हर्लिन. मेमध्ये घातलेली.

किनाऱ्याला आणलं त्यांना, आणि दुसऱ्या दिवशी तुला मर्व्हिनबद्दल लिहिलं. तेव्हापासून मी स्वतः फेकलेलं नाही. होडी चालवते, जाळं धरते, तोंडानं सांगते. लोकांना वाटतं म्हातारी शहाणी झाली.

हाताचे कागद माझेच पाठवले, कारण रीळ तर माझ्याच हातात बसायला हवं होतं. तू ओळखशील असं वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं वाटलं.

ऑगीला तीन दिवस उभं राहवत नाही आता. तो थोडं फेकतो आणि बसतो. दुसऱ्या कुणीतरी फेकत राहिलं तरच काही लागेल. ते मी असायला हवी. सांग काय करू. रीळ बदलून होणार आहे का?

आर्डिस

•

नॉर्डेन
३० ऑगस्ट

आर्डिस,

रीळ बदलून होणार नाही. हात बदलून होईल.

तू उजव्या हातानं फेकतेस, मग काठी डाव्या हातात घेतेस आणि उजव्यानं हँडल फिरवतेस. म्हणजे बिघडलेल्या अंगठ्याचं काम फक्त फेकीपुरतं. तेवढं डाव्याला दे. डाव्यानं फेक, काठी डाव्यातच राहू दे, उजवा हात नुसता फिरवायला. मधे हात बदलायचाही नाही. दुकानातला मुलगा म्हणेल डाव्या हँडलचं रीळ घ्या. घेऊ नकोस. त्यात काठीचा सगळा भार उजव्यावर येईल.

सोबत बसकं रीळ पाठवतोय. का, ते सांगतो म्हणजे तू वाद घालणार नाहीस. एक, खीळ आहे. दोन, तुझ्या डाव्या तळहातात बसतं, मी तुझा कागद कापून त्यावर ठेवून पाहिलं. तीन, गिअर मंद आहेत. लोक वेगवान घेतात आणि मग मोठं आमिष ओढताना दमतात. मंद गिअर सायकलच्या चढाच्या गिअरसारखे असतात, जोर तुझ्याऐवजी ते लावतात. चार, मी त्याचं हँडल काढून लांब दांड्याचं बसवलंय आणि मूठ गोल, अंड्याएवढी. चिमटीत धरायची नाही. सगळी बोटं भोवती घे, अंगठा बाहेर ठेव.

दर वर्षी मोसम संपला की मला पाठवायचं. टिकाऊ रीळ म्हणून काही दुकानात मिळत नाही. अर्धा टिकाऊपणा तिथं मिळतो, उरलेला टेबलावर.

आता सराव. अर्ध्या पौंडाचं आमिष घे, गळ काढून टाक. सगळे. मागच्या अंगणात ट्रकचं टायर टाक, पंचवीस पावलांवरून त्यात पाडायचं. पहिला आठवडा ब्रेक पूर्ण आवळून, मग रोज एक खूण सैल. अंगठा दाबायचा नाही, टेकवायचा. रोज शंभर. तू चिडशील. चिडलीस की आत जा आणि कॉफी पी.

व्हर्लिन

•

व्हिनेगर फॉल्स
२३ सप्टेंबर

व्हर्लिन,

कॉफी संपली.

पहिल्या दिवशी शंभरातलं एकही टायरजवळ गेलं नाही. एक सरळ वर गेलं आणि मी खाली बसले, डोक्यावर हात घेऊन. तिसऱ्या दिवशी शेजारच्या ओपलचं पक्ष्यांना पाणी ठेवायचं दगडी भांडं फोडलं. ती धावत आली. "आर्डिस, तू ठीक आहेस ना? तू डावखुरी कधीपासून?" मी म्हटलं, मंगळवारपासून. तिला खरं सांगावं लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही, उलट आता संध्याकाळी खुर्ची घेऊन बसते आणि मोजते. एकटीला इतकं अपमानास्पद वाटलं नसतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, एकवीस वर्षांची गाइड, आणि ओपल ओरडतेय, "चव्वेचाळीस! हे पण चुकलं!"

काल शंभरात एकाहत्तर. ब्रेक निम्म्यावर.

रीळ चांगलं आहे. ती अंड्याची मूठ भलतीच कुरूप आहे आणि तिच्याशिवाय आता मला चालणार नाही. उद्यापासून पाण्यावर, एकटी.

ऑपरेशनची तारीख घेतलीय, ४ डिसेंबर.

आर्डिस

•

नॉर्डेन
१ ऑक्टोबर

आर्डिस,

एकाहत्तर चांगले आहेत. तुझा उजवा हात सुरुवातीला पन्नासवर होता, आणि तेव्हा तू पंचवीस वर्षांची होतीस.

तुला दवाखान्यात कोण नेणार? दीड तासाचा रस्ता आहे, डिसेंबरात दोनाचा. आणि घरी आल्यावर एका हातानं लाकडं कोण आत आणणार? मी दुकान बंद ठेवू शकतो. नोव्हेंबरनंतर तसंही कुणी फिरकत नाही.

व्हर्लिन

•

व्हिनेगर फॉल्स
८ ऑक्टोबर

व्हर्लिन,

नको. आभार. ओपल आहे. ती गाडी अंधारात चालवत नाही, पण काहीतरी करू.

पाण्यावर जमतंय. काल गळांसकट पौंडाचं फेकलं, साठ वेळा, एकदाही गुंतलं नाही.

आर्डिस

•

व्हिनेगर फॉल्स
५ नोव्हेंबर

व्हर्लिन,

ऑगी काल गेला. म्हणजे इलिनॉयला गेला, घाबरू नकोस.

त्याला पहिल्याच सकाळी सगळं सांगितलं. हात, काच, टोपी, सगळं. म्हटलं, दुसरा गाइड हवा असेल तर मी फोन करते, वाईट वाटणार नाही. तो सँडविच खात होता. म्हणाला, "माझा गुडघा लोखंडाचा आहे, कानात यंत्र आहे, दात ग्लासात असतात. तू फक्त अंगठ्याचं सांगतेयस?"

दोन दिवस काही नाही. वारा, बर्फाची भुरभुर, काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरायचा, दर दहा फेकींनी तो चोखून काढायचा. ऑगी तासात दहा वेळा फेकायचा, उरलेलं मी. डाव्यानं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी दोनच्या सुमारास उत्तरेच्या, पाण्याखालच्या खडकाळ टेकाडावर होतो. आमिष होडीजवळ आलं, मी सवयीनं काठीचं टोक पाण्यात घालून आमिष आठच्या आकड्यात फिरवायला लागले, आणि दुसऱ्या वळणावर ती खालून आली. आवाज नाही, काही नाही. पाणी जरा तपकिरी झालं आणि काठी खाली गेली. तिनं होडीखालून धाव घेतली, रिळानं दोरी सोडली, हवी तेवढीच, एकही झटका नाही. हँडल जिथं धरलं तिथं राहिलं.

मी काठी ऑगीकडे केली. गिऱ्हाईकाचा मासा गिऱ्हाईकाचा, एकवीस वर्षं तसंच केलंय. म्हटलं, "घे ऑगी, पटकन!" त्यानं दोन्ही हात खिशात घातले. खरंच खिशात घातले, व्हर्लिन. म्हणाला, "तू फेकलंस, तू आण. मी जाळं धरतो."

पहिल्यांदा जाळं चुकलं. दुसऱ्यांदा मासा आत आणि ऑगी गुडघ्यांवर. एक्कावन्न इंच. माझी आजवरची सगळ्यात मोठी. तिला परत सोडताना माझा अंगठा तिचं शेपूट धरू शकत नव्हता, म्हणून ऑगीनंच ते धरलं, कोपरापर्यंत पाण्यात, ती स्वतः निघेपर्यंत. बाही गोठून पत्र्यासारखी झाली होती. "बरी होती," म्हणाला. मग आम्ही त्याची ब्रँडी प्यायलो.

आता हे लिहिते, कारण तीन दिवस डोक्यात आहे. १९८६चा ऑक्टोबर. कमळपानांच्या खाडीत माझ्या काठीला लागली होती. माझी पहिली मोठी. मी धरून होते, बरी धरली होती, आणि तू मागून आलास आणि काठी माझ्या हातातून काढून घेतलीस. "सुटेल, सुटेल," म्हणालास. तू ती आणलीस. सगळ्यांना सांगितलंस आमची मस्की. मी काही बोलले नाही. आणखी चार वर्षं काही बोलले नाही, आणि मग निघून गेले, आणि तू कॉरीनला म्हणालास, तिला कशाचा राग आला मला कळलंच नाही.

ते एकच कारण नव्हतं. पण ते होतं.

रीळ टिकलं. तुला कळवायचं होतं.

आर्डिस

•

नॉर्डेन
१२ नोव्हेंबर

आर्डिस,

एक्कावन्न. अभिनंदन.

त्या मस्कीचा फोटो माझ्या दुकानात टेबलासमोर लावलेला आहे. सव्वीस वर्षं. लोक विचारतात आणि मी सांगतो की बायकोच्या हातून सुटणार होती, मी वाचवली. तुझं पत्र वाचून उठलो आणि जवळून पाहिला. मी मासा धरून हसतोय. तू शेजारी उभी आहेस, हात असे पुढे, जसे काठी धरताना असतात, आणि त्यांत काही नाही. मी रोज त्या फोटोसमोर बसून लोकांच्या रिळांचे दोष शोधत होतो.

सुटणार नव्हती. मला तेव्हाही दिसत होतं. तू छान धरली होतीस आणि मला ती हवी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

माफ कर असं लिहून पाहिलं, ते फार लहान दिसलं, पण दुसरं काही येत नाही. माफ कर.

४ डिसेंबरबद्दल पुन्हा विचारत नाही. तू नको म्हणालीस ते मी वाचलंय. बसकं रीळ पाठवून दे, हिवाळ्यात साफ करून ठेवतो.

व्हर्लिन

•

व्हिनेगर फॉल्स
१८ नोव्हेंबर

व्हर्लिन,

रीळ टपालानं पाठवत नाही. खर्च जास्त येतो, आणि हवं तर तू स्वतः घेऊन जा.

४ डिसेंबरला, मंगळवारी सकाळी पावणेसहाला घरातून निघायचं आहे. ओपलचा जावई तेव्हा कामावर असतो आणि ओपल अंधारात गाडी खड्ड्यात घालेल. म्हणून तू सोमवारी ये, उजेड असताना. ट्रकच्या मागे वाळूची पोती टाक, चढावर घसरतं. कोचावर झोपायचं. घोंगडी आहेत, उशी तुझी आण.

दहा दिवस. लाकडं तू आणायचीस, स्वयंपाक जमेल तसा, आणि बटाटे जाळायचे नाहीत. मी पडले तर उचल. बाकी, मी हातात काही धरलं असेल, कप असो, चमचा असो, काहीही असो, आणि मला जमत नसल्याचं तुला दिसलं, तरी मी मागितल्याशिवाय ते घ्यायचं नाही. बसून राहायचं. हात खिशात घालायचे.

जमेल का ते कळव.

आर्डिस

•

नॉर्डेन
२१ नोव्हेंबर

आर्डिस,

जमेल. वाळू भरली.

व्हर्लिन